लष्करी कोठडीतील जवानाचे हक्क आणि त्याला मिळू शकणारे कायदेशीर साहाय्य

सांगोला तालुक्यातील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा सैन्यात शिपाई असून त्याची पलटण सध्या पंजाबमधील एका छावणीत आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेली रजा संपल्यावर तो सुमारे पंचेचाळीस दिवस उशिराने स्वतःहून हजर झाला आणि त्याच दिवशी त्याला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या कोठडीत, ठेवण्यात आले. आता आठवडा उलटून गेला आहे, त्याचा फोन बंद आहे, आणि पलटणीतील एका मित्राने घरी निरोप दिला आहे की गुन्हा कबूल केला तर थोडक्यात सुटेल. त्याला असे किती दिवस ठेवता येते, आपल्याला वकील देता येतो का, आणि दाद सोलापुरात मागायची, कोल्हापुरात की मुंबईत, असे या वडिलांचे तीन मुख्य प्रश्न आहेत, आणि घरच्यांनाही लष्कर ताब्यात घेऊ शकते का, अशी शंका त्यांनी शेवटी विचारली आहे.

सर्वात आधी त्या निरोपाबद्दल सांगतो, कारण त्यावर निर्णय कदाचित याच आठवड्यात होईल. मुलाने घाईने गुन्हा कबूल करू नये. माझ्याकडे अशी प्रकरणे बहुधा शिक्षा झाल्यानंतर येतात, आणि कागद उघडल्यावर दिसते की जवानाने कबुली दिलेली आहे, एकाही साक्षीदाराला प्रश्न विचारलेला नाही आणि घरच्या अडचणीचा एकही कागद नोंदीत आलेला नाही. त्यानंतर कायद्याने करता येण्यासारखे काही उरते, परंतु पुष्कळ कमी उरते.

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० मधील कलम ३९ प्रमाणे रजेहून जास्त दिवस राहणे हा गुन्हा आहे, मात्र ते पुरेशा कारणाशिवाय असले पाहिजे. पुरेसे कारण नसणे हा या गुन्ह्याचाच घटक आहे. त्यामुळे आईची शस्त्रक्रिया, तिच्यानंतरची गुंतागुंत, घरात दुसरे कोणी कर्ते माणूस नसणे, या गोष्टी शिक्षा सौम्य करण्यासाठी शेवटी मांडायच्या विनवण्या नाहीत. त्या सिद्ध झाल्या तर आरोपच टिकत नाही. जो जवान कबुली देतो तो आपल्याकडे पुरेसे कारण नव्हते हेही त्याच वाक्यात मान्य करून बसतो, आणि बहुतेकांना ते कोणी सांगितलेले नसते. या कलमाखाली कमाल शिक्षा तीन वर्षांची कैद आहे. आरोप कलम ३८ खाली, म्हणजे पळून गेल्याचा असेल, तर सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या किंवा सरकारने तशी जाहीर केलेल्या कामगिरीवर) किंवा तिचे आदेश मिळालेले असताना केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंडापर्यंत आणि एरवी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःहून परतलेल्या माणसावर पळून गेल्याचा आरोप टिकवणे अवघड असते, कारण तेथे परत न येण्याचा हेतू दाखवावा लागतो. म्हणून तो नेमका कोणत्या तारखेला, कोणापुढे आणि कसा हजर झाला याचा कागद जपला पाहिजे. गैरहजेरी तीस दिवसांपेक्षा अधिक झाल्यास कलम १०६ नुसार पलटणीत चौकशी मंडळ बसते आणि जवान परतला नसेल तर त्याला पळून गेलेला मानल्याची नोंद होते. अशी नोंद झाली असेल तर घाबरून जाऊ नये. त्या नोंदीमुळे खटल्यातील हेतूचा प्रश्न संपत नाही.

आता कोठडीचा प्रश्न. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याला कलम १०१ खाली लष्करी कोठडीत घेता येते. तेथे चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याची पोलीस कोठडीतील पद्धत चालत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क किती लागू ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे आणि संसदेने सैन्यासाठी वेगळी व्यवस्था घालून दिली आहे. ती व्यवस्था कलम १०२ आणि १०३ मध्ये आहे. कोठडीची खबर कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाला, मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत आरोपाची तपासणी सुरू झाली पाहिजे. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या त्यातून वगळल्या जातात, आणि सेवेच्या गरजेमुळे तसे करणे शक्य नसेल तरच विलंब चालतो. अठ्ठेचाळीस तासांपुढे ठेवायचे असेल तर कारणांसह वरिष्ठांना कळवावे लागते. जवान सक्रिय सेवेवर नसेल आणि कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालय, बोलावण्याचा आदेश न निघता आठ दिवस गेले, तर कमांडिंग ऑफिसरने उशिराचा खास अहवाल पाठवायचा असतो, आणि नंतर दर आठ दिवसांनी तसाच अहवाल जात राहिला पाहिजे.

कायद्यात कोठडीची कमाल मुदत अशी सोप्या आकड्यात घातलेली नाही, हे मला मान्य करावेसे वाटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. संरक्षण आहे ते या अहवालांच्या साखळीत. म्हणूनच कुटुंबाने पहिल्याच आठवड्यात कमांडिंग ऑफिसरच्या नावे सभ्य भाषेत, स्पीड पोस्टने आणि शक्य असेल तर ई-मेलनेही पत्र पाठवावे, आणि त्यात चार गोष्टी विचाराव्यात: कोठडी कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कलमाखाली आहे, तपासणी केव्हा सुरू झाली, आठ दिवसांचा अहवाल गेला का, आणि मुलाला भेटण्याची व वकिलाशी बोलण्याची सोय केव्हा होईल. पत्रात कोणावरही आरोप करू नये. मी असे पत्र नेहमी आईच्या किंवा पत्नीच्या सहीने पाठवायला सांगतो आणि त्याची प्रत वरच्या मुख्यालयाला देतो. उत्तर आले नाही तरी पुढे न्यायालयात हाच कागद सर्वात जास्त बोलतो, कारण त्यावर पोस्टाची तारीख असते.

कोठडीत त्याला मारहाण किंवा अपमान होत असल्याचे कळले तर गप्प राहू नये. हाताखालच्या माणसाशी दुर्व्यवहार करणे हा कलम ४७ खाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि तो अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) व नायक-हवालदार या सर्वांना लागू होतो. वैद्यकीय तपासणीची लेखी मागणी त्याच दिवशी करावी. पुढे शिक्षा झालीच तर कोठडीत गेलेले दिवस कलम १६९अ नुसार कैदेतून वजा होतात, त्यामुळे कोठडीची सुरुवातीची तारीख नोंदीत बरोबर आहे की नाही यावर लक्ष ठेवावे.

वकिलाचा प्रश्न मात्र एका वाक्यात सुटणारा नाही. प्रक्रिया अशी चालते: आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम २२ प्रमाणे कमांडिंग ऑफिसर आरोपीच्या समक्ष आरोप ऐकतो, तेथे साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार बोलावण्याचा हक्क आरोपीला असतो, नंतर नियम २३ प्रमाणे साक्षी लिहून घेतल्या जातात, ज्याला पलटणीत सगळे समरी ऑफ एव्हिडन्स म्हणतात, आणि त्यावरून खटला चालवायचा की नाही व कोणत्या प्रकारच्या कोर्ट मार्शलपुढे चालवायचा हे ठरते. समरी ऑफ एव्हिडन्सच्या वेळी वकील शेजारी बसवण्याचा हक्क नियमांत दिलेला नाही. परंतु प्रश्न विचारण्याचा हक्क आरोपीचा स्वतःचा आहे, आणि निवेदन देण्यापूर्वी त्याला स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे की बोलणे बंधनकारक नाही आणि जे बोलले जाईल ते लिहून घेऊन पुराव्यात वापरले जाऊ शकते. म्हणून वकिलाचे खरे काम या टप्प्याच्या आधीच, भेटीत किंवा कुटुंबामार्फत, मुलाला तयार करण्याचे असते: आईच्या दाखल-डिस्चार्जच्या तारखा त्याला पाठ असल्या पाहिजेत, रजा वाढवून मागण्यासाठी त्याने किंवा घरच्यांनी केलेले फोन आणि संदेश कोणाला केले ते त्याला सांगता आले पाहिजे, आणि ज्या सुभेदाराला किंवा हवालदाराला फोन केला होता तो साक्षीला आला तर त्याला त्याबद्दल विचारता आले पाहिजे. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात उपचार झाले असतील तर केस पेपर, शस्त्रक्रियेची नोंद, औषधांची बिले आणि डॉक्टरांचे तारीख घातलेले प्रमाणपत्र आजच गोळा करा. ग्रामपंचायतीचा सहानुभूतीचा दाखला त्यांची जागा घेऊ शकत नाही. मोबाइलमधील संदेश पुसू नका आणि कॉलची नोंद जपून ठेवा.

चौकशी मंडळापुढे मुलाच्या चारित्र्याचा किंवा लष्करी प्रतिष्ठेचा प्रश्न आला असेल तर नियम १८० प्रमाणे त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, उलटतपासणीची आणि साक्षीदार देण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. हा नियम पाळला गेला नसेल तर तो मुद्दा लेखी आणि वेळेवर उपस्थित करावा.

शिपायावरचा असा आरोप बहुधा समरी कोर्ट मार्शलपुढे जातो, आणि तेथेच सर्वात जास्त सावधगिरी लागते. हे न्यायालय कमांडिंग ऑफिसर एकट्याने चालवतो. दोन अधिकारी किंवा जेसीओ हजर असतात, पण ते न्यायनिर्णय देत नाहीत. न्यायालय चालवणारा लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फीही होऊ शकते, आणि कलम १६१ नुसार ही शिक्षा मंजुरीची वाट न पाहता लगेच अमलात येते. येथे नियम १२९ प्रमाणे आरोपीला एक साहाय्यक मिळू शकतो, आणि तो वकील असू शकतो. तो शेजारी बसून सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला विचारायचे प्रश्न सुचवू शकतो. स्वतः उलटतपासणी मात्र करू शकत नाही आणि न्यायालयासमोर भाषणही करू शकत नाही. अनेक कुटुंबांना वाटते की मग वकील नेऊन उपयोग काय. माझे मत अगदी उलट आहे. शेजारी कायदा जाणणारा माणूस बसला असेल तर आरोपी न समजता कबुली देत नाही, आणि नोंदी काळजीपूर्वक लिहिल्या जातात. नियम ११५ प्रमाणे कबुली स्वीकारण्यापूर्वी न्यायालयाने आरोपीला आरोपाचा अर्थ आणि कबुलीचा परिणाम समजला आहे याची खात्री करायची असते, समरी ऑफ एव्हिडन्सवरून त्याने कबुली देऊ नये असे दिसले तर ती मागे घेण्याचा सल्ला द्यायचा असतो, आणि हे सर्व केल्याची नोंद ठेवायची असते. ही नोंद नसणे हा नंतरच्या अपिलात भक्कम मुद्दा ठरतो, पण अपिलातला मुद्दा हातात असण्यापेक्षा कबुली न दिलेली बरी.

प्रकरण डिस्ट्रिक्ट किंवा जनरल कोर्ट मार्शलकडे, म्हणजे अनेक अधिकारी मिळून बसतात त्या न्यायालयाकडे, गेले तर चित्र बदलते. नियम ९५ प्रमाणे आरोपीला बचाव अधिकारी म्हणजे डिफेन्डिंग ऑफिसर मिळतो, आणि वकिलाला परवानगी असलेल्या खटल्यात वकील स्वतः उभा राहून साक्षीदार तपासू शकतो. त्यासाठी आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते, म्हणून खटल्याची तारीख कळताच वकीलपत्र आणि सूचना दोन्ही एकाच दिवशी पाठवाव्यात. नियम ३३ नुसार बचावाच्या तयारीसाठी पुरेशी संधी आणि आपल्या वकिलाशी व साक्षीदारांशी संपर्क हा आरोपीचा हक्क आहे, आणि नियम ३४ नुसार आरोप कळवल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान शहाण्णव तास मिळाले पाहिजेत. सक्रिय सेवेवर असेल तर हे अंतर चोवीस तासांवर येते. पलटण ज्या भागात आहे तेथे सक्रिय सेवेची अधिसूचना लागू आहे का, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे. चार्जशीट त्याला समजेल अशा भाषेत मागण्यात कसलाही संकोच नसावा.

आणखी एक हक्क असा आहे जो सांगितल्याशिवाय कोणी वापरत नाही. कलम १३० नुसार न्यायालयात बसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल हरकत घेता येते. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या १९८७ च्या निकालात एका सिग्नलमनने (संदेशवहन विभागातील जवानाने) कमांडिंग ऑफिसरविरुद्ध थेट वरिष्ठांकडे तक्रार केली होती, त्याबद्दल त्याला अठ्ठावीस दिवसांची शिक्षा झाली, आणि ती भोगत असताना जेवण घेण्याचा हुकूम न पाळल्याच्या आरोपावरून, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच ज्या समरी कोर्ट मार्शलमध्ये होता तेथे त्याला एक वर्ष कैद आणि बडतर्फी सुनावण्यात आली. हरकत घेण्याची संधी न देणे आणि पक्षपाताची रास्त भीती या दोन्ही कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी कठोर असू नये की ती विवेकाला धक्का देईल, हेही सांगितले. आपल्या मुलाच्या बाबतीत रजा नाकारण्यावरून पूर्वी वाद झाला असेल तर हा निकाल वकिलाच्या हातात असला पाहिजे.

आता दाद कोठे मागायची. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जामिनाचा अर्ज करून उपयोग नाही. पलटणीच्या कोठडीवर त्या न्यायालयाचा अधिकार चालत नाही. शिक्षा झाल्यावर पहिला अर्ज कलम १६४ खाली सैन्यातील वरिष्ठांकडे किंवा केंद्र सरकारकडे जातो. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल अ‍ॅक्ट, २००७ खालील न्यायाधिकरण आहे, जे २००९ पासून काम करते. कोर्ट मार्शलविरुद्ध अपील तेथे चालते, आणि कलम १५ मध्ये लष्करी कोठडीतील आरोपीला जामीन देण्याचा अधिकारही या न्यायाधिकरणाला आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात तो दोषी असल्याचे मानण्यास रास्त कारण दिसत असेल तर मात्र जामीन मिळत नाही. आपल्या मुलावरील आरोप कलम ३९ खालचा असेल तर तो त्या वर्गात येत नाही. महाराष्ट्रासाठी मुंबईत पीठ आहे, आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी तेथे पोचण्याची सोलापूरकरांना सवय आहे. परंतु मुलगा अजून सेवेत आणि पंजाबात आहे तोवर अर्ज सामान्यपणे चंदीगड पीठाकडेच करावा लागतो, कारण नेमणुकीचे ठिकाण किंवा प्रकरण जेथे घडले ते ठिकाण पाहिले जाते. सेवेतून काढले गेल्यावर मात्र तो राहत्या जागेच्या आधारे मुंबई पीठाकडे जाऊ शकतो. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी नसेल आणि कैद तीन महिन्यांपर्यंतच असेल तर न्यायाधिकरणाचा अधिकार मर्यादित होतो आणि उच्च न्यायालयाचा विचार करावा लागतो.

उच्च न्यायालयात थेट याचिका करण्याचा अनुच्छेद २२६ खालील मार्ग या सर्व व्यवस्थेत खुलाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परषोत्तम दास प्रकरणात न्यायाधिकरणाच्या निर्णयांविरुद्धही तो खुला असल्याचे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो, ही आपल्या भागासाठी मोठी सोय आहे. पण कोठडी पंजाबात असल्याने हेबिअस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्यासाठीची, याचिका सामान्यतः पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयातच टिकेल. मुलाला सांगोल्यातून पोलिसांनी पकडून नेले असते तर कोल्हापुरात जाण्याला आधार मिळाला असता. शिवाय त्या परिस्थितीत कलम १०५ नुसार पोलिसांनी त्याला विलंब न लावता जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे न्यायला हवे होते. हेबिअस कॉर्पसबद्दल माझा सल्ला जपून पावले टाकण्याचा आहे. मुलगा कोठे आहे हेच सांगितले जात नसेल, किंवा कोठडीला कोणताच आदेश नसेल, तर एक दिवसही न थांबता ती करावी. तपासणी सुरू आहे आणि अहवाल जात आहेत असे दिसत असेल तर त्या याचिकेतून लगेच सुटका होणे कठीण आहे, आणि पैसा व वेळ बचावाच्या तयारीकडे वळवणे अधिक हिताचे आहे.

ही सर्व चर्चा सैन्याच्या कायद्याखाली येणाऱ्या माणसाबद्दल झाली. आपल्या पत्रात शेवटी विचारले आहे की घरच्यांनाही लष्कर ताब्यात घेऊ शकते का. घरच्या नागरिकांवर कोर्ट मार्शल चालत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरावर मार्शल लॉ लावण्यात आला तेव्हा लष्करी अंमलाखाली शहरातील सामान्य नागरिकांना शिक्षा झाल्या, आणि त्या आठवणीमुळे आपल्याकडे ही भीती आजही जुन्या घरांत ऐकू येते. पण आजच्या कायद्यात तसे घडत नाही. सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा १९५८ चा कायदा लागू असलेल्या प्रदेशांतही सैन्याने ताब्यात घेतलेल्या नागरिकाला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करावे लागते. १९८४ च्या सेबॅस्टियन होंग्रे प्रकरणात मणिपूरमधील लष्करी छावणीत नेलेले दोन पुरुष न्यायालयासमोर हजर केले गेले नाहीत तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. घरच्यांनी मुलाला लपवून ठेवले किंवा न परतण्यास चिथावणी दिली, असा आरोप पोलिसांकडून येऊ शकतो. तो स्वतःहून परतला आहे म्हणून त्याची शक्यता फार कमी आहे.

खर्चाची चिंता असेल तर कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. सोलापूरचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे. तेथे अर्ज करून चंदीगडमधील विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा, कारण पलटणीशी बोलण्याची त्यांची भाषा आणि मार्ग दोन्ही वेगळे आहेत, आणि भेटीची परवानगी पुष्कळदा त्यांच्या एका फोनने मिळते. कमांडिंग ऑफिसरला पाठवायचे पत्र आणि आईच्या उपचारांचे कागद तेवढे उद्या सकाळी आधी तयार करा. वकील ठरवण्यासाठी दोन-तीन दिवस गेले तरी चालतील, पण पत्र आणि घाईने कबुली देऊ नये हा मुलापर्यंत पोचवायचा निरोप यांना उशीर होऊ देऊ नका.